लहान वकिली कार्यालयाचा अर्ज भरताना: कोणत्या प्रश्नाला काय आणि कसं लिहायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वकिलांकडे ज्युनिअर म्हणून लागायची जुनी पद्धत अजून चालू आहे. काका, मामा किंवा लॉ कॉलेजचे सर ओळखीच्या वकीलसाहेबांना फोन करतात, "पोरगं कामाचं आहे, सांभाळून घ्या" म्हणतात आणि सोमवारपासून पोरगं काळा कोट चढवून मागच्या खुर्चीवर बसतं. पण तीन-चार वकिलांनी मिळून चालवलेली कार्यालयं आता आधी गूगल फॉर्म किंवा वर्डची फाइल पाठवतात. छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात काम करणारी, नाशिक-पुण्यातली लहान कार्यालयंही तेच करतात. त्यात आठ-दहा प्रश्न असतात, आणि हुशार मुलंही तिथेच गडबडतात.

मी हे फॉर्म वाचायच्या बाजूला बसतो, म्हणून वाचणारा काय शोधतो ते आधी सांगतो. लहान कार्यालयात माणसं निवडायला वेगळा विभाग नसतो. दिवसभर कोर्टात उभा राहिलेला वकीलच रात्री जेवण झाल्यावर हे अर्ज उघडतो. त्याच्या डोक्यात एकच विचार असतो: या माणसाच्या हातात फाइल दिली, तर ती तारखेला, पूर्ण कागदांसह कोर्टात पोहोचेल का? "आवडतं पुस्तक कोणतं" असा प्रश्न असला तरी उत्तर याच अंगाने वाचलं जातं.

उत्तर लिहायची रीत तुम्ही कॉलेजात शिकलेलाच आहात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ६ नियम २ मध्ये सांगितलंय की वादपत्रात महत्त्वाच्या घटना थोडक्यात लिहायच्या. अर्जातही तेवढंच करायचं. आणि ऑर्डर ८ मध्ये मोघम नकार चालत नाही, स्पष्ट नाकारलं नाही तर मान्य केलं असं धरलं जातं. अर्जातला टाळलेला प्रश्नही वाचणारा तसाच धरतो.

लिहायला बसण्याआधी

फॉर्म उघडून थेट त्यातच टाइप करू नका. सगळे प्रश्न वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घ्या, प्रत्येकापुढे शब्दमर्यादा लिहा. मराठीत लिहिणार असाल तर युनिकोडमध्येच लिहा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला की त्याचा चिवडा होतो, आणि तो तुम्हाला दिसतो फॉर्म पाठवून झाल्यावर.

मग एका कागदावर आपल्या तारखा काढा: पदवीचं वर्ष, सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, नंबर आणि तारीख, ऑल इंडिया बार परीक्षा कधी दिली, इंटर्नशिप कुठे आणि किती आठवडे. बायोडेटा, फॉर्म आणि प्रमाणपत्र यांतल्या तारखा जुळल्या पाहिजेत. नावाचंही तेच. गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मध्ये, सनदेवर आडनाव आधी, आधारवर स्पेलिंग वेगळं, असं असेल तर सनदेवरचं नाव वापरा. वकिलाची नजर तारखांच्या विसंगतीवर आपोआप जाते. आयुष्यभर समोरच्या साक्षीदाराच्या उलटतपासात त्याने तेच केलेलं असतं.

इंटर्नशिपची डायरी फेकली नसेल तर काढा. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे इंटर्नशिप लागते, त्यामुळे डायरी प्रत्येकाकडे असते. बहुतेकांनी ती शेवटच्या रात्री भरलेली असते हे आम्हालाही माहीत आहे. तरी तिच्यातून तीन-चार खरी कामं निघतात. फेरफाराच्या नकला काढल्या, रोजनामा (कोर्टातल्या त्या दिवसाच्या कामाची नोंद) उतरवला, दस्तऐवज यादी तयार केली, पुरशिस (पक्षकाराचं कोर्टाला छोटं लेखी निवेदन) लिहिली. अर्जाला खरा माल इथूनच मिळतो.

कार्यालयाची माहिती कशी काढायची

वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. वेबसाइट असली तरी तिच्यावर नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि कोणत्या प्रकारचं काम करतात एवढंच सापडेल. त्यावरून "आपल्या देदीप्यमान यशाने प्रभावित होऊन" असं लिहिलं की खोटेपणा लगेच उघडा पडतो.

खरी माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आहे. जिल्हा न्यायालयांच्या भागात राज्य, जिल्हा आणि कोर्ट संकुल निवडा, शोधाच्या पर्यायांत 'ॲडव्होकेट' घ्या आणि वकिलाचं नाव टाका. प्रलंबित आणि निकाली प्रकरणांची यादी समोर येते. दहा-पंधरा प्रकरणं नुसती चाळली तरी चित्र स्पष्ट होतं: वाटणीचे दावे जास्त आहेत की मोटार अपघाताचे, चेकच्या तक्रारी आहेत की भूसंपादनाच्या मोबदल्याचे. आपल्या भागात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग धुळ्याला भेटतात, त्यामुळे अपघात दाव्यांना तोटा नाही. नंदुरबारकडे वनहक्क आणि जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे गेल्याची प्रकरणं, हे नेहमीचं काम. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या व्यवहारातले चेक आणि येणी. यातलं कोणतं काम त्या कार्यालयात चालतं, हे कळल्याशिवाय पुढचा प्रश्न लिहायला घेऊ नका. वकिलांची नावं सारखी असतात, म्हणून यादीतला वकील तोच आहे ना, तेही बघा.

"आमच्याच कार्यालयात का?"

या प्रश्नाला येणारं नेहमीचं उत्तर असं:

"आपले कार्यालय जिल्ह्यातील एक नामांकित कार्यालय असून आपल्या अनुभवी मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळाल्यास मी त्या संधीचे सोने करीन. लहानपणापासूनच मला न्यायाची आवड आहे."

हेच उत्तर पतसंस्थेला पाठवलं तरी चालेल, फक्त शेवटचं वाक्य बदलावं लागेल. आता हे बघा:

"मी धुळे तालुक्यातली आहे. शेवटच्या वर्षी मोटार अपघात दाव्यांचं काम करणाऱ्या वकिलांकडे सहा आठवडे इंटर्नशिप केली. पोलिसांची कागदपत्रं, दवाखान्याची बिलं आणि मयताच्या उत्पन्नाचे पुरावे लावून दाव्याचा कच्चा मसुदा करायला तिथे शिकले. तुमच्या कार्यालयाचे अपघात दावे धुळे कोर्टात नियमित चालतात, हे ई-कोर्ट्सवर पाहिलं. शेतकऱ्याचं उत्पन्न पुराव्याने कसं सिद्ध करायचं, हे मला अजून नीट जमत नाही आणि तेच मला शिकायचं आहे. सातबारा आणि आठ-अ वाचता येतात. पक्षकारांशी अहिराणीत बोलू शकते."

वाचणारा थांबतो तो शेतकऱ्याच्या उत्पन्नाच्या वाक्यावर. नोकरदाराचं पगारपत्रक असतं. शेतकरी गेला तर त्याची कमाई किती होती हे सातबारा, मालाच्या पट्ट्या, बँकेची नोंद यांतून जुळवावं लागतं, आणि विमा कंपनीचा वकील त्यातली प्रत्येक चिठ्ठी खोडतो. प्रत्यक्ष काम पाहिल्याशिवाय ही अडचण कुणाला सुचत नाही. "मला अजून जमत नाही" हे लिहायला मुलं घाबरतात. पण इतक्या नेमक्या जागी न जमणं म्हणजे तिथवर तुम्ही पोहोचला आहात.

कार्यालयातल्या एका विशिष्ट प्रकरणाचं नाव मात्र उत्तरात घेऊ नका. ते सार्वजनिक असलं तरी अर्जदाराने पक्षकारांची नावं लिहिलेली बघून वाचणाऱ्याला कसंतरीच होतं.

"एखादा प्रसंग सांगा..."

दबावाखाली काम केल्याचा, अडचण सोडवल्याचा, चूक दुरुस्त केल्याचा, असे हे प्रश्न येतात. "दबावाखाली माझं काम अधिक खुलतं" या वाक्याला शून्य गुण. कॉलेजच्या गॅदरिंगचं आयोजन चालेल, पण कायद्याचं काम असेल तर तेच द्या. उदाहरणार्थ:

"एका शेतकऱ्याला व्यापाऱ्याने दिलेला चेक वटला नाही. ते सिनिअरांकडे आले तेव्हा चेक परत आल्याचा बँकेचा मेमो मिळून २६ दिवस झाले होते आणि नोटीस ३० दिवसांच्या आत जायला हवी होती. मेमोवरची तारीख आणि मेमो हातात पडल्याची तारीख यांत फरक होता. धोका नको म्हणून मी आधीच्या तारखेपासून दिवस मोजले. नोटिशीचा मसुदा त्याच संध्याकाळी केला. त्यात मी चेकची रक्कम आणि व्याज एकत्र मागितलं होतं. सिनिअरांनी चेकची रक्कम वेगळी लिहायला लावली आणि का तेही सांगितलं. २७व्या दिवशी नोटीस स्पीड पोस्टाने गेली. पावती फाइलला लावली आणि पैसे देण्याच्या १५ दिवसांची व त्यापुढे तक्रारीच्या एका महिन्याची तारीख डायरीत नोंदवली."

यात "मी मेहनती आहे" कुठेच नाही. तरी चार गोष्टी कळतात: मुलाला न वटलेल्या चेकबाबतच्या कलम १३८ च्या मुदती येतात, शंका असली की तो सुरक्षित बाजू धरतो, दुरुस्ती ऐकून घेतो आणि काम झाल्यावर पुढची तारीख लिहितो. माझ्या मते या उत्तरातलं सर्वांत वजनदार वाक्य शेवटचं आहे. मसुदा कुणीही शिकतो. पुढची तारीख आपणहून डायरीत लिहिणारा ज्युनिअर मिळणं कठीण.

रचनेकडेही बघा. परिस्थिती एका-दोन वाक्यांत, मग स्वतः काय केलं, मग काय झालं. मुलं उलटं करतात. निम्मं उत्तर पक्षकाराच्या दुःखात जातं आणि स्वतःचं काम शेवटच्या ओळीत "आणि मी मदत केली" एवढंच उरतं. "आम्ही" हा शब्दही जपून वापरा. आम्ही म्हणजे कोण? सिनिअर, कारकून आणि तुम्ही, यांपैकी तुमच्या वाट्याला काय आलं ते लिहा. झेरॉक्स काढली असेल तर झेरॉक्स काढली म्हणा. पान नंबर टाकून, यादीशी ताडून काढली असेल तर तेही म्हणा.

इथेच गोपनीयतेचा सापळा आहे. वकील आणि पक्षकार यांच्यातलं बोलणं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खाली संरक्षित आहे आणि वकिलाच्या कारकुनाला, कर्मचाऱ्यालाही ते बंधन लागतं. नाव गाळलं म्हणजे झालं असं समजू नका. आपल्याकडे "यावल तालुक्यातल्या अमुक गावचे माजी सरपंच, केळीचे मोठे बागायतदार" एवढं लिहिलं की वाचणाऱ्याला माणूस कळतो, कदाचित तो त्याचाच पक्षकार असतो किंवा समोरचा. गाव, पद, रक्कम, जात, दुकानाचं नाव, सगळं काढा. "एक शेतकरी" पुरेसं आहे.

छोटे प्रश्न, जे लोक घाईत भरतात

भाषा विचारली असेल तर "मराठी, हिंदी, इंग्रजी" एवढ्यावर थांबू नका. अहिराणी येत असेल तर लिहा. तावडी, लेवा गणबोली, गुजराती, भिल्ली, पावरी, जे खरंच बोलता येतं ते लिहा. बरीच मुलं अहिराणी लिहायला लाजतात, जणू ती घरातली गोष्ट आहे. पण "दादा, मन्ही तारीख कव्हय शे?" असं विचारणाऱ्या आजीला त्याच बोलीत उत्तर देणारा माणूस कार्यालयात असला, तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. मात्र समजते आणि बोलता येते यांत फरक करा. मुलाखतीत कुणीतरी दोन वाक्यं बोलून बघणारच.

टायपिंगचा वेग प्रमाणपत्राप्रमाणे द्या आणि मराठी कोणत्या कीबोर्डवर करता ते सांगा. ई-फायलिंग केलं असेल तर "माहिती आहे" असं न लिहिता काय केलं ते लिहा: पीडीएफ बनवली, पानं क्रमाने लावली, पोर्टलवर चढवली. दुचाकी आणि परवाना आहे का हा प्रश्न थट्टेचा नाही. चोपडा, शिरपूर, शहादा अशा तालुक्यांच्या कोर्टांत नक्कल आणायला, अर्ज द्यायला जावं लागतं.

अडचणीचे प्रश्न

सनद आणि परीक्षा यांबद्दल जसं आहे तसं लिहा. सनद मिळाली आहे, बार परीक्षा व्हायची आहे, असं असेल तर तेच वाक्य. "प्रक्रियेत आहे" हा मोघम शब्द टाळा: अर्ज केला की नाही, कधी केला, ते सांगा. एखादा विषय राहिला होता, मध्ये दोन वर्षं गेली, घरचं दुकान सांभाळलं, वडिलांचं आजारपण होतं, हे एका वाक्यात सांगून पुढे जा. खुलासा लांबला की संशय वाढतो. सध्या दुसरीकडे पूर्णवेळ पगारी नोकरी असेल तर ती लपवू नका, कारण ती चालू ठेवून वकिली करता येत नाही आणि हे आज ना उद्या बाहेर येतंच.

नातेवाइकांचा प्रश्न लहान शहरात सर्वांत महत्त्वाचा. "तुमचे जवळचे नातेवाईक वकील, न्यायालयीन कर्मचारी किंवा पोलीस आहेत का? तुमच्या कुटुंबाचं एखादं प्रकरण कोर्टात चालू आहे का?" असं विचारलेलं असतं. भाऊबंदकीच्या वाटणीचा दावा चालू नसलेलं घर आपल्याकडे शोधावं लागेल, तेव्हा यात कमीपणा काही नाही. कारण सरळ आहे: तुमच्या काकांविरुद्धची फाइल त्याच कार्यालयात असेल तर तुम्ही त्या टेबलाजवळही बसायचं नाही, आणि हे त्यांना आधी कळायला हवं. "होय, कुटुंबाचा एक दिवाणी दावा जिल्हा न्यायालयात प्रलंबित आहे; तपशील हवा असल्यास प्रत्यक्ष सांगेन" एवढं पुरतं. तेही लिहिलं नाही आणि पुढे कळलं, तर विश्वास गेलाच.

मानधनाच्या रकान्यात "आपण द्याल ते" असं लिहिणारे खूप. ते नम्र वाटतं, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि लहान कार्यालयांना ती जड जाते हेही खरं. तुमचा खोलीचा, मेसचा, येण्याजाण्याचा खर्च जोडा आणि एक आकडा लिहा. पुढे "यावर बोलता येईल" जोडलं तर हरकत नाही. स्वतःचा आकडा सांगता न येणारा माणूस तडजोडीच्या बैठकीत पक्षकाराचा आकडा कसा सांगणार, असं माझ्या मनात येतं. सगळे माझ्यासारखे खवचट नसतील.

कायद्याच्या ज्ञानाचा प्रश्न

"कायद्यातल्या अलीकडच्या एका बदलाबद्दल लिहा." यावर निम्मे अर्जदार १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले हे सांगतात आणि जुन्या-नव्या कलमांची यादी देतात. यादी आमच्या टेबलाच्या काचेखाली आहेच. एक छोटा तुकडा घ्या आणि तो फाइलवर काय परिणाम करतो ते लिहा.

समजा तुम्ही साक्ष अधिनियमाचं कलम ६३ घेतलं. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब च्या जागी ते आलं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचा नमुना आता अधिनियमाच्या अनुसूचीतच आहे: भाग अ पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, द्यायची. आता पुढे जा. पक्षकार व्हॉट्सॲपच्या संभाषणाची प्रिंट घेऊन येतो. ज्युनिअरने त्याला पहिलं काय सांगायचं? फोन बदलू नका, चॅट उडवू नका, फोन एक्स्चेंजला देऊ नका. हे शेवटचं वाक्य लिहिणारा अर्जदार आमच्या लक्षात राहतो, कारण कलम वाचताना त्याला टेबलासमोर बसलेला पक्षकार दिसला.

निवाडा उद्धृत करायचा असेल तर तो स्वतः उघडून वाचलेला असावा. हल्ली उत्तरं चॅटबॉटकडून लिहून घेतलेली येतात आणि ती लगेच ओळखू येतात. सगळ्यांची सारखीच गुळगुळीत, आणि अधूनमधून अस्तित्वातच नसलेला निवाडा. भाषा तपासायला मदत घ्या हवी तर. पण खोटं सायटेशन, म्हणजे निवाड्याचा खोटा संदर्भ, वकिलाच्या कार्यालयाला पाठवलं, तर अर्ज तिथेच संपला.

पाठवण्याआधी आणि नंतर

फॉर्म ज्या भाषेत आहे त्या भाषेत उत्तर द्या. इंग्रजी कच्चं असेल तर लहान वाक्यं लिहा. "हिअरइनबिफोर" छापाची कोर्टी इंग्रजी टाळा. १५० शब्द सांगितले असतील तर १५५ चालतील, ३०० नाही. युक्तिवादाच्या लेखी टिपणाला पानांची मर्यादा असते, तिथेही हेच लागतं. उत्तरं मोठ्याने वाचून बघा, आणि वकील नसलेल्या कुणाला तरी, बहिणीला किंवा मित्राला, दाखवा. त्यांना कळलं नाही तर पक्षकारालाही कळणार नाही.

संदर्भ म्हणून ज्या सिनिअरांचं किंवा सरांचं नाव देताय त्यांना आधी फोन करा. इथे सगळे एकमेकांना ओळखतात, संध्याकाळी बार रूममध्ये चहा घेताना तुमच्याबद्दल विचारलं जाईल आणि "कोण? मला काही माहीत नाही" असं उत्तर येता कामा नये. बायोडेटाच्या पीडीएफला तुमचं नाव द्या, 'नवीन फायनल २' नको. मुदतीच्या शेवटच्या रात्री पाठवू नका. वीज आणि नेट दोन्ही त्याच वेळी जातात.

पाठवलेल्या उत्तरांची प्रत जपून ठेवा. मुलाखतीत समोरचा तुमचा फॉर्म छापून, पेन्सिलीच्या खुणा करून बसलेला असतो आणि पहिला प्रश्न त्यातूनच येतो: "इथे लिहिलंय दिवस आधीच्या तारखेपासून मोजले. का?" दोन आठवडे काही कळलं नाही तर कार्यालयाला एक फोन करा, कोर्टाची वेळ सोडून, संध्याकाळी सहानंतर. फोन कारकुनाने उचलला तर नाव, कोणत्या जागेसाठी अर्ज केला आणि कोणत्या तारखेला, हे सांगा आणि त्यांच्याशी नीट बोला. साहेब आत येताच ते सांगणारच आहेत, कोण बोललं आणि कसं बोललं.